घरात आणखी कुणाला?

८ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि भावोजी बरे असाल. इकडे आम्ही दोघं ठीक. दुकान चांगलं चाललंय. गावात चाळिशी लागलेल्यांची कमी नाही, आणि ती लागली हे कबूल करायला प्रत्येकाला दोन वर्षं लागतात. माझ्याकडे येईपर्यंत नंबर असा काही वाढलेला असतो की पहिल्यांदा चष्मा लावल्यावर माणसं स्वतःच्याच हाताकडे बघत बसतात.

पत्र बघून दचकली असशील. माझा फोन तू उचलत नाहीस. मेकॅनिक म्हणाला, माझ्या नंबरवरून लाव. (मेकॅनिक म्हणजे माझा नवरा. गॅरेजमुळे सगळं गाव त्याला तसंच हाक मारतं, आता मीही.) पण दुसऱ्याच्या नंबराआड लपून तुझ्याशी बोलायचं मला पटेना. म्हणून कागद घेतला.

बातमी अशी की मला दिवस गेलेत. चोविसावा आठवडा चालू आहे. छत्तिसाव्या वर्षी! आठ वर्षं वाट बघून आम्ही तो विषय गुंडाळून ठेवला होता. दुकानात काच घासायच्या मशीनपाशी मला भोवळ आली, तेव्हा मी आधी स्वतःच्या चष्म्याचा नंबर तपासला. तो ठीक निघाला, मग दुसरी तपासणी केली.

तब्येत चांगली आहे. पाय सुजतात, झोप येते, गिऱ्हाईकासमोर जांभई देते. एवढंच.

एक छोटी गोष्ट आहे. इथल्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा सोनोग्राफीच्या मॅडम येतात. बोलक्या आहेत. तपासताना त्यांच्या मुलाच्या दातांची हकीकत सांगत होत्या, आणि मधेच गप्प झाल्या. दात तसेच राहिले. पुष्कळ वेळ मशीन फिरवून म्हणाल्या, "हृदयाची उजवी बाजू डावीपेक्षा जरा मोठी वाटतेय. मला नक्की सांगता येत नाही. ज्यांना येतं त्यांना दाखवू." थापा न मारता सरळ बोलल्या, ते मला आवडलं.

ज्यांना येतं त्या डॉक्टर तुझ्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलात. इथून सात तास बसनं. पण आता जावं लागत नाही. दवाखान्यात पूर्वी चादरी ठेवायची खोली होती, तिथे मोठा पडदा लावलाय, वर कॅमेरा. मॅडम माझ्या पोटावर मशीन फिरवतात आणि तेच चित्र तिकडे डॉक्टरांना त्याच क्षणी दिसतं. त्याच क्षणी म्हणजे अर्ध्या सेकंदानं. त्यामुळे पहिली पाच मिनिटं आम्ही सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होतो. खोलीत अजून इस्त्रीच्या कपड्यांचा वास येतो.

पडद्यावरच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. केस बारीक कापलेले, आवाज खालच्या पट्टीतला. "आई, तुम्ही आरामात पडा. मी मॅडमशी बोलेन, मग तुमच्याशी," म्हणाल्या. मला पहिल्यांदा कुणीतरी आई म्हटलं, तेही सात तासांवरून.

"थोडं वर घ्या. अजून. बाळाच्या डोक्याकडे. थांबा, तिथेच."

बाळानं नेमकी पाठ फिरवली. मला दोनदा कुशीवर वळवलं, खोकायला लावलं, खोलीत चकरा मारायला लावल्या. मेकॅनिक बिचारा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. इंजिनात काय बिघडलंय ते दुसराच कुणी बघतोय आणि आपल्याला हात लावता येत नाही, असा त्याचा चेहरा.

शेवटी त्या म्हणाल्या, "शरीराला रक्त नेणारी मुख्य वाहिनी कमानीसारखी वळते, तिथे ती मला किंचित अरुंद वाटतेय. पण पोटातल्या बाळात हे छातीठोक सांगता येत नाही. बऱ्याच बाळांत जन्मानंतर काहीच निघत नाही. दर तीन आठवड्यांनी बघत राहू."

मग बरेच प्रश्न विचारले. आधीचे आजार, औषधं, घरची माणसं. मी उत्तरं दिली.

पुढची वेळ सव्वीस तारखेची आहे. काळजीचं कारण नाही. तुला कळवावं असं वाटलं, म्हणून लिहिलं. भावोजींना नमस्कार.

तुझी बहीण


१५ मार्च

प्रिय ताई,

मागचं पत्र मिळालं असेल. त्यात 'उत्तरं दिली' असं लिहून मी पुढे सटकले. त्यातलं एक उत्तर खोटं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला? जन्मतः हृदयाचा त्रास, किंवा एखादं बाळ पहिल्या काही दिवसांत गेलेलं?"

मी म्हटलं, "नाही."

मेकॅनिकनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.  घरी आल्यावर मोरीचा गळका नळ आवळायला बसला, आणि पाना फिरवता फिरवता म्हणाला, "तुझ्याकडे तो म्हातारा ड्रायव्हर यायचा ना, तक्त्यावरची अक्षरं पाठ करून?"

मी म्हटलं, "हो."

"त्याला तू काय म्हणाली होतीस?"

काय म्हणाले होते ते मला चांगलं आठवत होतं. मी त्याला म्हणाले होते, काका, तुम्ही मला फसवत नाही आहात, समोरून येणाऱ्याला फसवताय.

मी 'नाही' का म्हटलं, ते तुला सांगायलाच हवं. तुझ्या मुलाचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तो कसा गेला. ते सांगताना मला ती खोली आठवली असती. ताई, अकरा वर्षं मी ती खोली सोडून बाकी सगळं आठवते. तू पलंगाच्या कडेला बसली होतीस. आई दारात उभी होती, भावोजींच्या घरची माणसं होती. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आदल्या दिवशीच नेलं असतंस तर."

तू उठून त्याच्या दुपट्याची घडी घातलीस आणि आत गेलीस. त्यानंतर आपण दोघी एकमेकींशी बोललो ते आई गेली तेव्हा. तेही 'गाडी किती वाजता' एवढंच.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, दुःखात होते, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण खरं असं की कुणाचा तरी दोष निघाला तर मला तेव्हा बरं वाटणार होतं. तू समोर होतीस.

तर मंगळवारी सकाळी दुकान न उघडता दवाखान्यात गेले. तिथल्या कारकुनानं वही उघडली. "तुमची वेळ सव्वीसची."

"माहीत आहे. मी चुकीची माहिती दिली आहे. ती दुरुस्त करायची आहे."

"मग सव्वीसला सांगा."

"आज सांगायचीय."

"बाई, त्या एवढ्या मोठ्या डॉक्टर. अशा मधेच मिळत नाहीत."

"मग मिळेपर्यंत बसते," म्हटलं, आणि बाकावर बसले. नर्सबाई दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या पाण्याचा पेला घेऊन, आणि कारकुनाकडे बघून म्हणाल्या, "तिला हलवायचा प्रयत्न करू नका, मी तिला शाळेपासून ओळखते." दुपारी दोनला त्यांनीच तिकडे फोन लावला. तीनला पडदा सुरू झाला. दहा मिनिटं मिळाली.

मी सगळं सांगितलं. तुझा मुलगा पूर्ण दिवसांचा, तीन किलोचा, रडला, दूध प्यायला, तिसऱ्या दिवशी घरी आला. आठव्या दिवशी दूध कमी झालं. नवव्या दिवशी पहाटे पाय गार, रंग राखेसारखा, आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचला नाही. मग, मी खोटं का बोलले तेही सांगितलं. मी तुला काय म्हणाले होते, तेही.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी वहीत काहीतरी काढलं आणि वही कॅमेऱ्यासमोर धरली. हृदयाचं साधं चित्र होतं, शाळेतल्या मुलीनं काढावं तसं.

पुढचं मी घरी येऊन लगेच लिहून ठेवलं, कारण ते तुझ्यासाठी आहे. त्या म्हणाल्या, "पोटात असताना प्रत्येक बाळाला इथे एक जोडनळी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप मिटते. मुख्य वाहिनी अरुंद असेल, तर तोपर्यंत कमरेखालचं रक्त याच जोडनळीतून जातं. म्हणून बाळ अगदी ठीक दिसतं. नळी मिटली की काही तासांत सगळं ढासळतं. तुमच्या बहिणीच्या बाळाला हेच असेल, असं कागद बघितल्याशिवाय मी म्हणणार नाही. पण असलं, तर त्यात आईचं काही चुकलं नाही. त्या काळी तपासणारेही पुष्कळदा फसायचे."

मी विचारलं, "मग आता माझ्या बाळाचं?"

"हे परवा कळलं असतं तर मी तुम्हाला तीन आठवड्यांनी बोलावलं नसतं," एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही. तरी मी पाणी पाणी झाले. नुसतं चित्र बघून त्या म्हणणार होत्या की इथेच बाळंत व्हा, नंतर तपासू. इथे, जिथे बाळाला द्यायचं ते औषधही नाही.

आता मागणं. त्या वेळचे काही कागद तुझ्याकडे असतील, तर डॉक्टरांना बघायचे आहेत. मला तुझ्याकडे मागायचा हक्क उरलेला नाही, हे मला माहीत आहे. तरी मागते आहे, कारण पोटातल्या या जिवाचं माझ्या लाजेशी काही देणंघेणं नाही. तू नाही पाठवलंस तरी मला समजेल. पण एक सांगते. त्या दिवशी डॉक्टरांनी आपल्या घरच्या माणसांचा तक्ता काढला, त्यात मी तुझ्या मुलाची नोंद करून घेतली. आता कुणीही विचारलं तरी मी त्याला वगळणार नाही.

तुझी
धाकटी


१० एप्रिल

ताई,

तुझं पाकीट गेल्या गुरुवारी आलं. चिठ्ठी नव्हती. मी पाकीट दोनदा उलटं करून झटकलं, मग सोडून दिलं. कागद पाठवलेस, तेवढं पुरे.

तू ग्रंथालयात काम करतेस हे फाइल बघूनच कळावं. तारखेनं लावलेली, प्रत्येक कागदाला पारदर्शक पिशवी. जन्माचा दाखला, घरी सोडतानाचा कागद, तो गेल्यानंतर केलेल्या तपासणीचा अहवाल. आणि सगळ्यात मागे वहीतून फाडलेलं ते पान.

ते पान तू चुकून पाठवलंस की मुद्दाम, ते मी विचारणार नाही. पट्टीनं आखलेलं आहे. दिवस, वेळ, किती मिनिटं दूध प्यायला, किती वेळा ओलं केलं. आठ दिवस, तुझ्या त्या मण्यांसारख्या अक्षरात. आणि आठव्या दिवशी संध्याकाळी, पाच वाजून चाळीस मिनिटांपुढे: 'पितानाच दमतोय. कपाळाला घाम. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, असं होतं, उद्या आणा.' सात वाजता पुन्हा: 'परत फोन केला. तेच म्हणाले.'

मी दुकानात, काउंटरमागच्या स्टुलावर बसून हे वाचलं. एक बाई फ्रेम बघत होत्या. त्यांना म्हटलं, थोड्या वेळानं या. दार लावून घेतलं.

तू फोन केला होतास. एकदा नाही, दोनदा. आणि मी सगळ्या घरासमोर तुला विचारलं, आदल्या दिवशी का नाही नेलंस. तुझ्याकडे हे पान होतं. तू ते आणून माझ्या तोंडावर मारू शकली असतीस. अकरा वर्षांत कधीही. का नाही मारलंस? मी गेले आठ दिवस हाच विचार करतेय. एक उत्तर सुचतं ते असं, की तेव्हा तुला तुझी बाजू मांडायची नव्हती. तुला तो हवा होता. आम्ही मात्र बाजू घेऊन भांडायला बसलो होतो.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, तपासणारेही फसायचे. तुला कळलं होतं, ताई. ज्यांचं ऐकायचं काम होतं, त्यांनी ऐकलं नाही. आणि मग मीही नाही.

मी चुकले. याला जोडून 'पण' नाही. तू माफ कर असंही लिहीत नाही. ते तुझं तू बघ. मला फक्त हे शाईनं लिहून तुझ्या हातात द्यायचं होतं. त्या खोलीत आई होती. ती आता नाही, तिला सांगता येत नाही. पण भावोजींच्या घरच्या माणसांना मी या पत्राबरोबर वेगळं पत्र टाकलंय. काय बोलले होते आणि खरं काय होतं, दोन्ही लिहिलंय.

काल पडद्यावर बसलो. कागद नर्सबाईंनी आधीच पाठवले होते. डॉक्टरांनी अहवाल वाचला होता. कमान अरुंद होती, स्पष्ट लिहिलेलं आहे. मग त्या म्हणाल्या, "हे पान कुणी लिहिलं?"

"बहिणीनं."

त्यांनी चष्मा काढला.  "मी शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना नेहमी सांगते," म्हणाल्या, "पिताना घाम येणाऱ्या बाळाला उद्यावर टाकायचं नाही. आता हे पानच दाखवलं असतं. त्यांना विचाराल का?"

मी म्हटलं, "ते मी नाही विचारणार. ती भेटली तर तुम्हीच विचारा."

मग सव्वीसला झाली तशी पुन्हा तासभर तपासणी. मॅडमचा हात आता सरावलाय. तिकडून "थोडं" म्हटलं की इकडे बरोबर तेवढंच सरकतं. कमान मागच्यापेक्षा अरुंदच दिसतेय. डॉक्टरांनी निर्णय सांगितला आणि मी तो लिहून घेतला. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत इथेच राहायचं, दर दोन आठवड्यांनी पडद्यावर. त्यानंतर तुमच्या शहरात मुक्काम, हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत. बाळंतपण तिथेच. जन्मल्याबरोबर जोडनळी उघडी ठेवायचं औषध शिरेतून सुरू. तपासून खरंच अरुंद निघाली, तर शस्त्रक्रिया.

"भीती वाटतेय?" त्यांनी विचारलं.

"वाटतेय," म्हटलं. "पण ती बरोबर घेऊन येईन. तुम्ही तयारी ठेवा."

मेकॅनिक हसला. कित्येक दिवसांनी.

एक जूनला दुपारच्या बसनं येतोय. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर पेशंटच्या नातेवाइकांसाठी खोल्या आहेत, तिथे सोय झालीय. तुझ्याकडे उतरायचं मी मनात आणलेलं नाही, तेव्हा त्याचं ओझं नको. मी तुझ्या शहरात असेन, एवढं तुला माझ्याकडूनच कळावं.

तुझी धाकटी


२० ऑगस्ट

ताई,

फोनवर रोज बोलतो आपण, मग पत्र कशाला, म्हणशील. फोनवर आपण दोघी लंगोट, तापमान आणि भावोजींचं पथ्य यापलीकडे जात नाही. हॉस्पिटलातही तसंच होतं. सव्वीस दिवस एका बाकावर बसून आपण टॉवेलांवर बोललो.

त्यामुळे जे राहिलं ते लिहिते.

एक जूनला बस थांबली आणि खिडकीतून तू दिसलीस, तेव्हा मी मेकॅनिकला म्हटलं, तू आधी उतर. तुझ्यासमोर यायचा धीर होत नव्हता. सुजलेल्या पायांचं नाव सांगितलं एवढंच. तू जवळ आलीस आणि म्हणालीस, "बॅग दे." मी म्हटलं, "आमची खोली ठरलीय." तू म्हणालीस, "ती मी कालच रद्द केली. बॅग दे." मी वाटभर काय काय बोलायचं ते ठरवून आले होते.  बॅग दिली.

डॉक्टरांना पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितलं तेव्हा मी चाटच पडले. किती ठेंगण्या आहेत! पडद्यावर कळलंच नव्हतं. त्यांनी तुला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, ते मी लांबून पाहिलं. तू शेवटी मान डोलावलीस. त्या तुझ्या पानाबद्दलच बोलत होत्या ना? सांगायचं असेल तर सांग.

मुलगी झाली. औषध सुरू झालं, तपासणी झाली, आणि कमान खरंच अरुंद निघाली. सहाव्या दिवशी तिला आत नेलं. मेकॅनिकनं त्या चार तासांत बाहेरच्या बाकाचा ढिला स्क्रू नाण्यानं आवळला, मग शेजारच्या बाकाचा. डॉक्टर बाहेर येऊन "छान झालं" म्हणाल्या तेव्हा तो रडला आणि मी नाही. माझं रडू नंतर, चहा पिताना आलं, काही कारण नसताना.

पण मला लिहायचंय ते नवव्या दिवसाबद्दल.

त्या दिवशी तू कामाला गेली नाहीस. काचेपलीकडे तिच्या नळ्या, तारा, ते आवाज करणारं यंत्र; आणि अलीकडे खुर्ची टाकून तू. जेवायला उठली नाहीस. मी दोनदा म्हटलं, "ताई, मी बसते." तू ऐकलंच नाहीस. तू तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतीस. तिच्या पायांकडे बघत होतीस. परिचारिका दर तासाला तळव्याला हात लावायची, आणि तू लगेच तिच्या तोंडाकडे बघायचीस. ती मान हलवायची, "ऊबदार आहेत." तरी पुढच्या तासाला पुन्हा तेच. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. मला तेव्हा कळलं की मी माझ्या मुलीची काळजी करतेय, आणि तू दोघांची.

दहाव्या दिवशी सकाळी तू खुर्चीतून उठलीस, पाठ सरळ केलीस आणि मला म्हणालीस, "चल, आता तू अंघोळ करून ये. वास येतोय तुला."

तेव्हा मला तुझ्या गळ्यात पडायचं होतं. मी साबण घेऊन गेले. आपण दोघी अशाच, काय करणार.

आता इकडची बातमी. सोमवारी चादरींच्या खोलीत पहिली तपासणी झाली. या वेळी मशीन माझ्या पोटावर नव्हतं, तिच्या छातीवर होतं, आणि तिनं मॅडमच्या हातावर दोनदा लाथ मारली. डॉक्टर तिकडून म्हणाल्या, "लाथ चांगली आहे. पायांत रक्त भरपूर जातंय." नर्सबाईंनी हाताचा आणि पायाचा रक्तदाब घेऊन आकडे सांगितले. डॉक्टरांना दुरुस्त केलेली कमान नीट दिसली. वजन चार किलो सातशे. नर्सबाई म्हणाल्या, मावशीवर गेलीय, जागची हलत नाही. त्यांना मी खुर्चीची हकीकत सांगितली होती, राग मानू नकोस.

मग डॉक्टर म्हणाल्या, "उत्तम. आता पुढचे सहा महिने इकडे यायची गरज नाही. तिथूनच बघू. एवढ्या लहान बाळाला घेऊन सात तासांचा प्रवास कशाला?"

मेकॅनिकनं सुटकेचा श्वास सोडला. मॅडमनी यंत्र बंद करायला हात नेला.

मी म्हटलं, "डॉक्टर, तिला प्रवास चालेल का, ते सांगा."

"चालेल तसा. पण तपासणीसाठी नको."

"तपासणीसाठी नाही," मी म्हटलं. "माझ्या बहिणीकडे जायचंय."

अर्ध्या सेकंदानं त्या हसल्या.

दुकान आठवडाभर बंद राहील; लोकांनी तोवर हात लांब धरून वाचावं. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला, दुपारच्या बसनं. बसस्टँडवर येऊ नकोस, घर मला सापडतं. या वेळी आपण टॉवेलांवर बोलायचं नाही. तू त्याच्याबद्दल सांगायचंस. कसा दिसायचा, कुणावर गेला होता, झोपेत हसायचा का. नऊ दिवसांत तू त्याला किती पाहिलं असशील, आणि मी तुला त्यातलं एकही कधी विचारलं नाही. तुला बोलवेल तितकंच बोल. मी ऐकायला येतेय.

तुझी,
त्याचीही मावशी